जुई की केतकी?

नागपुरात बारशाला दोन्ही नावं शोभतात. केतकी म्हणजे केवडा. नाव ठसठशीत, कानाला भारदस्त. नव्वदच्या दशकात जन्मलेल्या मुलींत ते बरंच ऐकू यायचं. पण झाड कोकणच्या किनाऱ्याकडचं, पानांच्या कडा काटेरी. इकडे केवडा दिसतो तो हरतालिका-गणपतीच्या दिवसांत, बर्डीच्या बाजारात, आणि भाव विचारून माणूस पुढे सरकतो. गंमत म्हणजे तो घमघमाट नर फुलोऱ्याचा असतो, नाव मात्र मुलीचं! घरात आजी असेल तर आणखी एक गोष्ट ऐकावी लागेल: केतकीनं ब्रह्मदेवाची खोटी साक्ष दिली, म्हणून ती महादेवाला चालत नाही. आम्हाला यात अडण्यासारखं काही वाटत नाही, पण सासरी-माहेरी वाद होऊ शकतो.

जुईला असलं लचांड नाही. नाजूक वेल, पांढरी बारीक फुलं, सांजेला उमलणारी. गजऱ्यातली जुनी ओळख. नाव दोनच अक्षरांचं, त्यामुळे त्याचं टोपणनाव काढायलाही वाव नाही. एक मात्र आहे, शेजारी हिंदी बोलणारे असतील तर तिची 'जूही' होणारच, आणि इंग्रजी स्पेलिंग जन्मदाखल्याआधीच ठरवून टाका. आमचं मत जुईला.