तंबू म्हणजे शेवटी कापड: अकरा महिने, ३९ रात्री आणि स्पिती

जानेवारीत सोलापुरातली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उठली आणि त्याच आठवड्यात मी हा तंबू घेतला. आता डिसेंबर आहे. मधल्या काळात त्यात ३९ रात्री झोपले. त्यातल्या २८ सोलापूरच्या आसपास आणि ११ सप्टेंबरात हिमाचलमधल्या स्पितीत, एकटीने, सायकलवरून. घेतल्यावर आठ दिवसांत मत देण्यात अर्थ नव्हता, म्हणून आता लिहिते आहे.

आधी वस्तू सांगते. एकट्यासाठीचा, दोन थरांचा, दोन अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्यांवर आपला आपण उभा राहणारा. वजन २.१ किलो, किंमत साडेअकरा हजार. बाहेरचं कापड ६८ डेनियरचं पॉलिएस्टर, आतला तंबू जवळजवळ सगळा जाळीचा.

यापेक्षा निम्म्या वजनाचे तंबू मिळतात. माझाही जीव त्यांच्यावरच होता. अण्णांची उभी हयात यंत्रमागावर गेलेली. मी त्यांना दोन्हींचे फोटो दाखवले तर म्हणाले, "अगं, रंग काय बघतीस? धागा कितीचा आहे ते विचार." नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. हलके तंबू १५-२० डेनियरच्या नायलॉनचे असतात. नायलॉन ताकदीचं, पण ओलं झालं की सैल पडतं आणि रात्री उठून ताण, म्हणजे तंबू ओढून धरणाऱ्या दोऱ्या, घट्ट करावे लागतात. शिवाय उन्हाने ते पॉलिएस्टरपेक्षा लवकर मरतं. मी जिथे जाणार होते तिथे ऊन हाच मोठा शत्रू. जसजसं वर जावं तशी हवा विरळ होते आणि अतिनील किरणं वाढत जातात, दर हजार मीटरला साधारण दहा-बारा टक्के. म्हणून जड कापड घेतलं. तंबू घरी आल्यावर अण्णांनी तो उलटा करून ट्यूबलाइटसमोर धरला, शिवणीवर बोट फिरवलं आणि ठरावीक अंतरावर उभा-आडवा जाड धागा घातलेली चौकडी दाखवली. फाटलं तर चीर त्या चौकडीपाशी अडते.

पहिली परीक्षा मोहोळजवळ मामांच्या शेतात झाली. फेब्रुवारीतली काळी जमीन, वरून सुकून भेगाळलेली. मेख ठोकली की ढेकूळच निघून यायचं. तुळजापूरच्या वाटेवर माळावरच्या मुरुमात याच्या उलट: तंबूसोबत आलेल्या मेखांपैकी दोन पहिल्याच रात्री वाकल्या. त्या दिवसापासून मी मेखांवर भरवसा ठेवणं सोडलं. आपण होऊन उभा राहणारा तंबू घेण्याचा फायदा तेव्हा खरा कळला. मेखांशिवाय उभाच न राहणारे हलके तंबू आपल्या माळावर काय किंवा वाळवंटी डोंगरात काय, कामाचे नाहीत.

वेड्या बाभळीचे काटे टायरमधून जातात तसे तंबूच्या तळातूनही जातात. सोलापुरात मी खाली जुन्या फ्लेक्सचा तुकडा अंथरते. जड आहे, पण तळाला अजून एकही भोक नाही.

खरा दोष मे महिन्यात दिसला. संध्याकाळी वळीव येण्याआधीची वावटळ उठली, पाऊस आलाच नाही आणि सकाळी माझ्या चादरीवर, उशीवर, पापण्यांवर मातीचा थर. बाहेरचं कापड जमिनीपासून चांगलं वीतभर वर राहतं, वारा खालून शिरतो आणि जाळीतून धूळ आत येते. दमट हवेच्या, हिरव्या प्रदेशासाठी काढलेला हा तंबू आहे, कोरड्या मुलखासाठी नाही. घेणाऱ्याने ही गोष्ट आधी बघावी, वजन नंतर. आमच्या गल्लीत गणवेश शिवणाऱ्या एक काकू आहेत. त्यांनी आतल्या जाळीच्या खालच्या अर्ध्या भागावर पातळ अस्तराचं कापड शिवून दिलं. ९० ग्रॅम वजन वाढलं. या एका बदलाने तंबू माझा झाला.

सप्टेंबरात सायकल रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमधून दिल्लीला, तिथून बसने रेकाँग पिओला. मनालीकडून न जाता किन्नौरकडून चढण्याचं कारण एकच: उंची हळूहळू मिळते. पिओ साधारण २,३०० मीटरवर, नाको साडेतीन हजारांच्या वर. तीन हजारांच्या पुढे रोजचा मुक्काम पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायचा नाही, हा नियम मी कसोशीने पाळला आणि नाकोच्या चढावर तर मुद्दाम दोन दिवस घेतले. एकटीला डोकं दुखलं, उलट्या झाल्या तर खाली नेणारं कुणी नसतं.

खाबला स्पिती नदी सतलजला मिळते आणि तिथून पुढे गावं सोडली तर झाड म्हणून दिसत नाही. डोंगर उघडे, मातकट, जांभळे. पाऊस कमी, कारण मान्सून दक्षिणेकडच्या रांगांवरच रिता होतो. सह्याद्रीच्या पाठीमागे राहणारे आपण सोलापूरकरही पर्जन्यछायेतलेच, त्यामुळे ती कोरडी हवा मला परकी वाटली नाही. ताबोचा मठ इसवी सन ९९६ मधला. मातीच्या भिंती हजार वर्षं उभ्या आहेत. त्या भिंतीला हात लावून उभी राहिले तेव्हा वाटलं, इथे तंबूला पावसाची काय भीती.

भीती वाऱ्याची. सकाळी पान हलत नाही. दुपारी उतार तापतात, हवा वर चढते आणि दरीतून वर वारा सुटतो तो संध्याकाळपर्यंत. मी साडेपाचला उठून एकपर्यंत सायकल चालवायची आणि वारा वाढायच्या आत तंबू लावायचा. दगड मोठा घेऊन त्याला दोरी बांधली की तो दगड सरकतो आणि दोरी धारेवर कापते. त्यापेक्षा दोरीचा फास लहान दगडाला घालायचा आणि तंबूच्या बाजूला, त्या लहान दगडापुढे, दोरीवर मोठा दगड ठेवायचा. ओढ बसली की लहान दगड मोठ्याला अडतो. हे जमल्यावर मेखांची पिशवी उघडलीच नाही. बाकी ताण पुरेसे आहेत, कापडाला जोडलेल्या पट्ट्या मजबूत आहेत. एकही शिवण उसवली नाही. अस्तरामुळे धूळ थोडीच आली.

लोसरच्या पुढे, कुंझुम खिंडीच्या अलीकडे सगळ्यात थंड रात्र मिळाली. छोट्या तापमापकात पहाटे उणे सहा. थंडीला घाबरून मी वरचं वायुद्वार बंद केलं होतं. सकाळी आतून सगळ्या कापडावर दवाचं बर्फ आणि हात लागला की ते अंगावर. बाहेरची हवा कितीही कोरडी असो, माणसाच्या श्वासातली वाफ कुठेतरी जाणारच. पुढच्या रात्री वायुद्वार उघडं ठेवलं, टोपी घालून झोपले, बर्फ निम्म्याने कमी.

खाण्याबद्दल थोडं, कारण त्याचा तंबूशी संबंध येतो. चार हजार मीटरवर पाणी सुमारे ८७ अंशांनाच उकळतं. तूरडाळ शिजत नाही, भात कणी राहतो. गॅसचे डबे रेल्वेतून नेता येत नाहीत आणि साध्या ब्युटेनचा शून्याखाली दाबच राहत नाही, म्हणून मी पंपाची पेट्रोलवरची शेगडी नेली. ती तंबूत किंवा त्याच्या पडवीत कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. या तंबूची पडवी इतकी अरुंद आहे की दोन सायकलबॅगा ठेवल्या की संपते, म्हणून स्वयंपाक दगडांच्या आडोशाला, वाऱ्यात. शेवटी मला तारलं ते घरून नेलेल्या कडक भाकरीने आणि शेंगाचटणीने. गरम मॅगीच्या पाण्यात भाकरी चुरायची, वर चटणी. एका संध्याकाळी वाटेवरच्या मजूर बायकांना दिली तर त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली.

कुंझुम साडेचार हजार मीटरच्या वर आहे. पुढच्या चक्राला २२ दात आणि मागच्या चक्राला ३४ असलेल्या गिअरवरही, पायडलच्या एका फेरीत सायकल जेमतेम १.३ मीटर सरकते. तिथून बातलकडे उतरताना रस्ता म्हणजे गोटे. बातलच्या पुढच्या नाल्यांचं पाणी दुपारी बर्फ वितळून वाढतं, ते सकाळीच ओलांडावेत. चंद्रतालच्या काठावर तंबू लावायला मनाई आहे, मी लावला नाही. तळं पाहून परत खाली आले.

दांडा तुटला तो छत्रूजवळ. वाऱ्याच्या झोताचा धक्का बसला आणि एका जोडापाशी दांडा चिरला. तंबूसोबत मिळालेली दुरुस्तीची नळी चिरेवर सरकवली, दोन्हीकडून चिकटपट्टी गुंडाळली. ही पट्टी मी सायकलच्या पंपावर गुंडाळून नेते. उरलेल्या रात्री तशाच काढल्या. मग विक्रेत्याला लिहिलं. उत्तर यायला पाच आठवडे लागले आणि नवा दांडा पैसे देऊनच घ्यावा लागला. ही गोष्ट मला लागली. कापड इतकं चांगलं देणाऱ्याने सुट्या भागांची सोय ठेवायला हवी.

दुसरी तक्रार तंबूच्या दाराच्या चेनची, म्हणजे झिपची. स्पितीतली धूळ पिठासारखी बारीक, ती दातांत बसते. आठव्या रात्री चेनचा सरकता तुकडा दोन्ही बाजू बंद करेनासा झाला. पकडीने हलकेच दाबल्यावर चालू झाला. सोलापुरात परतल्यावर नव्या पेठेत वीस रुपयांत नवा बसवून घेतला. रोज सकाळी दात घासायच्या जुन्या ब्रशने चेन झाडली असती तर ही वेळ आली नसती. आता ब्रश चेनजवळच्या खिशात असतो.

एकटीने जाणाऱ्या बायकांसाठी एक: करड्या रंगाचा हा तंबू त्या डोंगरात लांबून दिसत नाही. मला ते आवडलं. तरी प्रत्येक मुक्कामी जवळच्या वस्तीत, ढाब्यावर किंवा रस्ता बांधणाऱ्यांच्या छावणीत मी कुठे झोपणार हे सांगून मगच झोपले. दोनदा लोकांनी तंबू गुंडाळायला लावून घरातच नेलं.

परत आल्यावर अण्णांनी तंबू पुन्हा ट्यूबलाइटसमोर धरला. उन्हाकडच्या बाजूचा रंग एक छटा उतरलाय, शिवणीवरची पट्टी एका कोपऱ्यात बोटभर सुटली होती. ती त्यांनी खाली सुती फडकं ठेवून मंद इस्त्रीने बसवली. कापड आतून चिकट झालेलं नाही. ओला गुंडाळून ठेवला की आतला लेप कुजतो आणि चिकटतो, म्हणून तो आता थैलीत कोंबत नाही. जुन्या सोलापुरी चादरीची सैल पिशवी शिवली आहे. त्यात तो माजघरातल्या खुंटीला टांगलेला असतो, फेब्रुवारीत नळदुर्गकडे निघेपर्यंत.