बंद गाडी जागेवरून उचलून नेणारी सेवा: एका विक्रीचा अनुभव

टायमिंग बेल्ट (इंजिनातील पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची चाल जुळवून ठेवणारा पट्टा) तुटल्यामुळे बंद पडलेली आमची पेट्रोल गाडी चौदा महिने एकाच जागी उभी होती, आणि ती अखेर ज्या सेवेने विकत घेतली तिच्याविषयी हे लिहीत आहे. बंद गाडी जागेवर येऊन पाहायची, भाव ठरवायचा, स्वतःच्या खर्चाने उचलून न्यायची आणि कागदपत्रे पूर्ण करून द्यायची, असे या सेवेचे स्वरूप आहे. माझे मत एकंदरीत चांगले झाले आहे, पण ते एका अटीवर. गाडी नेमकी कशाने बंद पडली आणि तिच्यात काय शाबूत आहे, हे मालकाला पुराव्यानिशी सांगता आले तर ही सेवा वाजवी भाव देते. 'चालू होत नाही' एवढेच सांगणाऱ्याची गाडी मात्र भंगार म्हणून वजनावर जाते.

हे मला आधीच्या एका खरेदीदारामुळे कळले. त्याने फोनवर एक रक्कम कबूल केली, टोइंगचे वाहन दारात आणून उभे केले आणि मग गाडीभोवती एक फेरी मारून रक्कम जवळजवळ निम्म्यावर आणली. कारण विचारल्यावर त्याने सरळ हिशोब मांडला: रिकाम्या गाडीचे वजन १,०४० किलो, त्यातून काच, रबर आणि प्लास्टिक वजा, उरलेल्याला लोखंडाचा भाव. गाडीच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग लोखंड आणि पोलाद असतो हे खरे आहे, पण उरलेला भाग म्हणजे काही कचरा नव्हे. सिलिंडर हेड आणि रेडिएटर अॅल्युमिनियमचे असतात, अल्टरनेटर, स्टार्टर आणि वायरिंगमध्ये तांबे असते, बॅटरीत शिसे असते, आणि इंजिनचा धूर कमी घातक करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचे काही ग्रॅम असतात. त्याच्या हिशोबात यातले काहीच स्वतंत्र धरलेले नव्हते. मी नकार दिला आणि ते वाहन रिकामे परत गेले. त्या दिवशी नकार देणे अवघड वाटले, कारण वाहन दारात उभे असताना 'आता जाऊ दे एकदाची' असेच मनात येते, आणि असा खरेदीदार नेमका त्याच क्षणावर विसंबून असतो.

त्यानंतर दुसरा भाव मागवण्याआधी मी गाडीची तपासणी करून घेतली, आणि या व्यवहारात सर्वाधिक उपयोगी पडलेला खर्च तोच ठरला. अनेक इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात. बेल्ट तुटला की काही व्हॉल्व्ह उघडे राहतात आणि वर येणारा पिस्टन त्यांच्यावर आदळतो. मेकॅनिकने स्पार्क प्लग काढून त्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडला, तेव्हा दोन पिस्टनांच्या माथ्यावर अर्धचंद्रासारखे चकचकीत ठसे स्वच्छ दिसले. याचा अर्थ व्हॉल्व्ह वाकले होते आणि हेड उतरवल्याशिवाय गाडी चालू होणार नव्हती. परंतु त्याच कॅमेऱ्यात सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे दिसले नाहीत, पान्याने फिरवल्यावर क्रँक (पिस्टनांना जोडलेला मुख्य दांडा) अडखळत नव्हता, आणि गिअरबॉक्स तर बंद पडण्याच्या क्षणापर्यंत बिनतक्रार चालत होता. म्हणजे 'इंजिन गेले' असे आम्ही जे चौदा महिने म्हणत होतो ते पूर्ण खरे नव्हते; वरचा भाग गेला होता, खालचा शाबूत होता. मेकॅनिककडून हे सगळे एका कागदावर लिहून घेतले आणि कॅमेऱ्यातील छायाचित्रेही मागून घेतली.

आता मूळ सेवेविषयी. त्यांच्या अर्जात गाडीचे मॉडेल, वर्ष, किलोमीटर आणि छायाचित्रे मागतात, पण बिघाडाच्या रकान्यात 'चालू होते' आणि 'चालू होत नाही' असे दोनच पर्याय आहेत. मला हा या सेवेचा सर्वात मोठा दोष वाटतो. वाकलेले व्हॉल्व्ह, जळालेले वायरिंग, पाण्यात बुडालेली गाडी आणि केवळ पेट्रोल पंप निकामी झालेली गाडी, या चारही गाड्या चालू होत नाहीत, पण त्यांच्या किमतीत फार मोठे अंतर असते. अर्जावरून आलेला पहिला भाव अपेक्षेप्रमाणे वजनाच्याच आसपास होता. मी फोन करून तपासणीचा कागद पाठवला आणि गाडी सुट्या भागांच्या दृष्टीने पाहावी अशी विनंती केली. त्यांनी ती मान्य केली आणि तिसऱ्या दिवशी पाहणीसाठी माणूस आला.

त्याची पाहणी हा या सेवेचा सर्वात चांगला भाग होता. चाळीस मिनिटे तो गाडीजवळ होता. प्रथम त्याने टायरच्या कडेवरचा चार अंकी आकडा वाचला. त्यातील पहिले दोन अंक आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात, त्यामुळे वरून नवे दिसणारे टायर किती जुने आहेत ते लगेच कळते. आमच्या टायरांवर ३११७ होते, म्हणजे २०१७ सालचा एकतिसावा आठवडा, आणि त्याने टायरांची किंमत जवळजवळ धरलीच नाही, हे मला योग्यच वाटले. बॅटरीला मीटर लावल्यावर आकडा नऊ व्होल्टच्याही खाली आला. पूर्ण भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, आणि इतकी उतरलेली बॅटरी महिनोन्‌महिने तशीच पडून राहिली की बहुधा पुन्हा नीट चार्ज होत नाही. तरीही तिच्यातील शिशाचा भाव त्याने हिशोबात धरला. मग तो चटईवर आडवा होऊन गाडीखाली शिरला आणि टॉर्चच्या उजेडात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या पत्र्यावर उमटवलेला क्रमांक शोधू लागला. मूळ कंपनीने बसवलेल्या कन्व्हर्टरमध्ये मौल्यवान धातू सहसा अधिक असतात आणि नंतर बाजारातून घेऊन बसवलेल्यांत कमी, म्हणून हा क्रमांक महत्त्वाचा. आमचा मूळचाच निघाला. चावीच्या दोन्ही प्रती त्याने आवर्जून मागितल्या, कारण हल्लीच्या गाड्यांत इंजिनचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, चावीतील चिप ओळखूनच इंजिन चालू होऊ देतो आणि चावीसह आलेल्या ईसीयूला वेगळा ग्राहक मिळतो.

अंतिम भाव वजनाच्या भावाच्या अडीच पटीपेक्षा थोडा जास्त आला. त्यात गिअरबॉक्स, दरवाजे आणि कन्व्हर्टर यांचा वाटा मोठा होता. एका वर्षापूर्वी विकली असती तर भाव आणखी चांगला आला असता, हेही त्याने मोकळेपणाने दाखवले: ब्रेकच्या डिस्कवर गंजाची जाड पापुद्री चढली होती, टाकीतले जुने पेट्रोल उपयोगाचे राहिले नव्हते, आणि बॉनेटखाली उंदरांनी वायरिंगचा एक जाड जुडगा कुरतडला होता. उभी गाडी खर्च करत नाही असे आपण समजतो, पण दर महिन्याला तिच्यातला एखादा विकाऊ भाग कमी होत असतो.

भाग स्वतः काढून वेगवेगळे विकावेत का, हा विचार मीही केला होता. ज्याला हत्यारे, जागा आणि कित्येक आठवडे उपलब्ध आहेत त्याला एकूण रक्कम जास्त मिळू शकते. पण आधी चाके, बॅटरी आणि कन्व्हर्टर काढून उरलेला सांगाडा विकायला गेलो, तर त्या सांगाड्याचा भाव फार पडतो, शिवाय चाकांवर न ढकलता येणारी गाडी उचलायला क्रेन लागते. ऑइल, कूलंट आणि एसीचा वायू यांची विल्हेवाट घरी लावणे तर सर्वथा अयोग्य आहे, आणि न फुटलेल्या एअरबॅगला अननुभवी माणसाने हात लावणे धोक्याचे आहे. या सेवेकडे त्यासाठी स्वतंत्र केंद्र आहे: तिथे आधी सर्व द्रव काढून घेतात, मग उपयोगी भाग उतरवतात, आणि शेवटी उरलेला पत्रा यंत्रात तुकडे होण्यासाठी जातो, जिथे लोहचुंबकाने लोखंड वेगळे करतात. युरोपीय संघात २०१५ पासून अशा गाडीच्या वजनापैकी सरासरी किमान ९५ टक्के भाग पुन्हा वापरण्याचे किंवा त्यातून साहित्य वा ऊर्जा मिळवण्याचे बंधन आहे, यावरून एका बंद गाडीत किती काही शिल्लक असते याची कल्पना यावी.

नेण्याच्या दिवशी रक्कम बदलली नाही, आणि गाडी वाहनावर चढवण्यापूर्वी पैसे खात्यात जमा झाले. दोन गोष्टी मात्र त्यांनी आपणहून सांगायला हव्या होत्या. गाडीच्या पडद्यात आमच्या फोनमधील सर्व नावे-क्रमांक आणि घराचा पत्ता साठवलेला होता. तो पुसण्यासाठी शेजाऱ्यांच्या गाडीला जंप केबल लावून पडदा सुरू करावा लागला, आणि हे मला अगदी ऐनवेळी सुचले. दुसरे कागदपत्रांचे. नोंदणी रद्द झाल्याचा दाखला हाती येईपर्यंत गाडी कागदोपत्री आपल्याच नावावर राहते, तरीही तो दाखला यायला पाच आठवडे लागले आणि त्यासाठी मला तीनदा फोन करावा लागला. दरम्यान गाडी सोपवल्याची सही-शिक्क्याची पावती माझ्याकडे होती, म्हणून निर्धास्त राहता आले. ती न घेता चावी देऊ नये.

ज्या गाडीची दुरुस्ती तिच्या चालू स्थितीतील किमतीच्या निम्म्याहून कमी खर्चात होते, तिच्यासाठी मी ही सेवा सुचवणार नाही. अशी गाडी दुरुस्त करून विकणेच फायद्याचे. आमच्या गाडीचे हेड उतरवून नवे व्हॉल्व्ह बसवण्याचा खर्च त्या मर्यादेच्या बराच पुढे जात होता. पाचपैकी चार तारे मी पाहणी आणि चोख व्यवहार यांसाठी देत आहे. अर्जात बिघाडाचे वर्णन लिहिण्यासाठी एक रकाना आला आणि दाखला वेळेवर मिळू लागला, तर पाचवा तारा देताना मला आनंदच होईल.