पुण्यातील छोट्या समुद्री टाकीसाठी पहिले प्रवाळ: मशरूम, झोआ की लेदर?

साठ ते शंभर लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतील जैविक चक्र पूर्ण झाले (म्हणजे माशांची घाण पचवणारे जीवाणू स्थिरावले), क्षारता ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) आसपास दोन-तीन महिने टिकली आणि मासे नीट खाऊ लागले, की पहिले प्रवाळ कोणते घ्यावे हा प्रश्न उभा राहतो. नवशिक्यांना साधारणपणे मशरूम, झोआ, लेदर आणि झेनिया या मऊ प्रवाळांचे चार पर्याय सुचवले जातात. यांपैकी कोणतेही दगडी सांगाडा बांधत नाही, त्यामुळे कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (पाण्यातील कार्बोनेटचे प्रमाण) टिकवण्यासाठी रोज द्रावण घालावे लागत नाही व दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलणे बहुधा पुरेसे ठरते. चौघांपैकी निवड करताना मात्र रंग सर्वांत शेवटी पाहावा. घरातील उन्हाळा, टाकीची लांबी-रुंदी आणि घरात कोण वावरते, या तीन गोष्टी आधी पाहाव्यात.

हॅमर, टॉर्च, अ‍ॅक्रोपोरा यांसारखी दगडी प्रवाळे या तुलनेत मुद्दाम घेतलेली नाहीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये सर्व दगडी प्रवाळांचा, तसेच समुद्रपंख्यांचा समावेश झाला. वाघाला जे संरक्षण आहे, त्याच अनुसूचीतील हे जीव आहेत. मालवणच्या सहलीत सापडलेला प्रवाळाचा मृत तुकडासुद्धा टाकीसाठी उचलून आणू नये. मऊ प्रवाळ घेतानाही ते कोठून आले हे विचारावे आणि पक्की पावती घ्यावी.

पुण्यात खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत होते. या चारही प्रवाळांना २४ ते २७ अंश सेल्सिअस पाणी मानवते. पण दुपारी बाहेर ४० अंशांपर्यंत ऊन असताना बंद फ्लॅटमधील छोटी टाकी, पंप आणि दिव्यांच्या उष्णतेची भर पडून, ३० अंश सहज ओलांडते. असे पाणी काही दिवस राहिले, तर प्रवाळाच्या ऊतींमध्ये राहून त्याला अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवाले बाहेर टाकली जातात आणि प्रवाळ पांढरे पडते. पाणी थंड करणारे यंत्र, म्हणजे चिलर, महाग असते. सुदैवाने आपला उन्हाळा कोरडा असल्याने पाण्याच्या पृष्ठभागावर रोखलेला साधा पंखाही तापमान दोन-तीन अंशांनी उतरवू शकतो. मात्र त्याने बाष्पीभवन वाढते आणि मीठ मागेच राहते, म्हणून रोज गोडे आरओ पाणी घालून पातळी राखावी लागते. घरच्या अनेक आरओ यंत्रांत चवीसाठी कच्चे पाणी मिसळण्याची सोय असते, त्यामुळे ते पाणी पूर्ण क्षारमुक्त नसते. टँकर किंवा बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत तर टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या उपकरणाने) खात्री केल्याशिवाय ते पाणी टाकीत घालूच नये.

या परिस्थितीत माझी पहिली पसंती मशरूमला, म्हणजे डिस्कोसोमाला आहे. त्याला प्रकाश कमी लागतो (५० ते १०० पार पुरतो; पार हे प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणाऱ्या प्रकाशाचे माप), प्रवाह मंद लागतो आणि थोडे नायट्रेट असलेले पाणी त्याला उलट आवडते. कमी प्रकाश म्हणजे दिव्याची उष्णताही कमी, हा पुण्यातील उन्हाळ्यात मोठाच फायदा आहे. गुरुवारी दुरुस्तीच्या कामांसाठी वीज गेली आणि प्रवाह थांबला, तरी बॅटरीवर चालणारा एक छोटा एअर पंप टाकीला तेवढा वेळ सावरून नेतो. उणीव इतकीच, की मशरूम दगडावरून सुटून नको तेथे जाऊन बसते आणि तळाचे तुकडे मागे ठेवत वाढत जाते.

झोआंचे रंग मशरूमपेक्षा कितीतरी वैविध्यपूर्ण असतात, वाढ समजण्यासारखी असते आणि मध्यम प्रकाश-प्रवाहात ते लवकर रुळतात. केवळ काटकपणा पाहिला, तर त्यांना मशरूमच्या बरोबरीने ठेवता येईल. तरीही मी त्यांना दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो आणि त्याचे कारण गंभीर आहे. झोआंमध्ये, विशेषतः त्यांच्या पॅलिथोआ या भाईबंदांमध्ये, पॅलिटॉक्सिन असू शकते. १९७१ मध्ये हवाई बेटांवरील पॅलिथोआमधून वेगळे केलेले हे विष ज्ञात नैसर्गिक विषांपैकी अत्यंत तीव्र मानले जाते. टाकीत शांतपणे वाढणाऱ्या वसाहतीपासून धोका नसतो. तो निर्माण होतो ती कापताना, घासताना, आणि सर्वांत वाईट म्हणजे दगड स्वच्छ करण्यासाठी तो उकळताना किंवा त्यावर उकळते पाणी ओतताना. कारण वाफेसोबत उडालेले विष श्वासातून संपूर्ण कुटुंबाच्या शरीरात जाऊ शकते. हातमोजे आणि चष्मा यांशिवाय झोआंना हात लावू नये. लहान मूल किंवा कुत्रा टाकीपर्यंत पोहोचत असेल, तर हा पर्याय सोडून द्यावा.

लेदर, म्हणजे सार्कोफायटॉन, दिसायला या सर्वांत भारदस्त. परंतु ते वाढून ताटाएवढे होते आणि साठ लिटरच्या टाकीत खालच्या सर्वांवर सावली धरते. शिवाय ते पाण्यात अशी रसायने सोडते की शेजारच्या प्रवाळांची वाढ खुंटते, म्हणून फिल्टरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन ठेवून तो नियमित बदलावा लागतो. मधूनमधून ते मिटून मेणचट साल टाकते. ही अवस्था आठवडाभर टिकली तरी ते मेले समजून काढून टाकू नये. प्रवाह थोडा वाढवला की साल लवकर निघते. शंभर लिटरची टाकी आणि चांगला वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह निर्माण करणारा पंप) असेल, तरच त्याचा विचार करावा.

झेनियाची उघडमीट मोहक असते खरी, पण ती एक तर संपूर्ण दगड व्यापते किंवा काही दिवसांत विरघळून जाते, म्हणून पहिल्या खरेदीसाठी मी ती सुचवणार नाही.

मशरूमचा फ्रॅग, म्हणजे विक्रीसाठी वेगळा केलेला छोटा तुकडा, शक्यतो पावसाळा सुरू झाल्यावर किंवा थंडीत घ्यावा. थंडीत हीटर आधीच बसवलेला असावा. फ्रॅगची पिशवी टाकीच्या पाण्यावर अर्धा तास तरंगत ठेवून तापमान जुळवावे, प्रवाळांसाठीच्या औषधी द्रावणात बुडवून परजीवी काढावेत, पिशवीतले पाणी फेकून द्यावे आणि फ्रॅग तळाशी, सावलीच्या बाजूला ठेवावा. पुढचे दोन आठवडे त्याची जागा बदलू नये.