१४४१६ टेली मानस : फौजी सुट्टीवर आला की घरच्यांनीही लावावा असा नंबर

टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनला पाचपैकी पाच स्टार देतेय. ज्यांच्या घरातलं कोणी बॉर्डरवर आहे किंवा नुकतंच परत आलंय त्यांनी हे जरूर वाचा, कारण लोकांना वाटतं हा नंबर परीक्षेचं टेन्शन नाहीतर डिप्रेशन यासाठीच आहे. मला पण तेच वाटायचं, आमच्या बिल्डिंगमधल्या एका रिटायर्ड सुभेदार काकांनी सांगितलं म्हणून फोन लावला.

आम्ही विक्रोळीला कन्नमवार नगरात राहतो, एकत्र कुटुंब. धाकटे दीर लडाखच्या बाजूला होते, वार्षिक सुट्टीवर घरी आले. आर्मीत वर्षाला साठ दिवस ॲन्युअल लीव्ह मिळते आणि माझ्या जावेने त्या साठ दिवसांचं आधीच सगळं ठरवून ठेवलेलं, जेजुरी, माहेरचं लग्न, पोराचं जावळ, सगळं. पण भाऊजी घरात असून नसल्यासारखे. रात्री उठून दाराची कडी हाताने चाचपून बघायचे, मग खिडकी, मग गॅस, मग परत कडी. पोरगा तर त्यांच्याजवळ जाईना, व्हिडिओ कॉलवर पप्पा पप्पा करणारा पोरगा प्रत्यक्षात आजीच्या पदराआड लपायचा आणि ते बघून भाऊजींचा चेहरा उतरायचा.

त्यात एक दिवस जाऊ बाहेर गेलेली तर यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे उतरवले, पुसले, उंचीप्रमाणे लायनीत लावले, लेबलं एका बाजूला. त्यांच्या मते बायकोला मदत. ती आली, पोह्याचा डबा सापडेना, आणि ओट्यापाशी उभी राहून रडायलाच लागली. भाऊजी नुसते बघत राहिले, त्यांना कळेचना काय झालं ते.

आधी आम्ही ठाण्याच्या एका प्रायव्हेट काउन्सेलिंग सेंटरला गेलो होतो, नाव घेत नाही. रिसेप्शनवर सगळ्यांसमोर "काय प्रॉब्लेम आहे पेशंटला" असं मोठ्याने विचारलं, आत पॉझिटिव्ह विचार करा, ट्रेकला जा, असं सांगितलं आणि वर भरपूर फी घेतली. जो माणूस डोंगरातूनच उतरून आलाय त्याला ट्रेक! त्यानंतर भाऊजी कुठेच यायला तयार नव्हते. शिवाय त्यांना भीती, "वहिनी, कुठे नोंद झाली तर मेडिकल कॅटेगरी लागेल, म्हणजे तब्येतीचा शेरा खाली जाईल, मग प्रमोशनचं काय." ही भीती किती फौजींच्या घरात असेल ते मला आता कळतंय.

म्हणून मीच फोन केला. टेली मानस ही केंद्र सरकारची सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. पहिल्यांदा काउन्सेलर बोलतात, गरज वाटली तर पुढे सायकियाट्रिस्टकडे जोडून देतात. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या मेडिकल कॉलेजात, खास सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी टेली मानसचा वेगळा सेलही सुरू केलाय. मला नाव, युनिट काहीच सांगावं लागलं नाही. आणि तसंही पोस्टिंग कुठे, कोणाबरोबर, हे फोनवर बोलूच नये.

ज्या ताई बोलल्या त्यांनी आधी भाऊजींबद्दल नाही, आमच्याबद्दल विचारलं. दिवसभर घरात कोण काय करतं, पोराला कोण झोपवतं, पैशाचे निर्णय कोण घेतं. मग म्हणाल्या, तुम्ही सगळे त्यांनी बदलावं म्हणून थांबलाय, पण ते नसताना घरही बदललंय, हे त्यांना कोणी सांगितलंय का? मी गप्पच झाले. खरंच, गॅस बुकिंगपासून शाळेच्या ॲडमिशनपर्यंत सगळं जावेने एकटीने ओढलंय, त्यात कोणी न विचारता हात घातला की तिला वाटतं आपलं सगळं चुकीचं ठरवलं.

त्यांनी सांगितलेलं सगळं करता येण्यासारखं होतं. तिच्या हातातलं काम काढून घेऊ नका, एक नवीन काम पूर्ण त्यांचं करा. मग पोराला बालवाडीत सोडणं भाऊजींकडे दिलं, पहिले काही दिवस आजी बरोबर जायची, मग नाही. पोराला जबरदस्तीने मांडीवर बसवायचं नाही, त्याचं तो येईल. तिकडे काय झालं, काय बघितलं, असं नातेवाइकांनी खोदून विचारायचं नाही, आणि हे सासूबाईंनी सगळ्या पाहुण्यांना दारातच सांगायला सुरुवात केली, त्यांच्याएवढं कडक कोणी नसतं. दादरच्या पुलावर गर्दीत त्यांना घाम फुटायचा, तर आधी दुपारच्या रिकाम्या लोकलने फिरून या, मग हळूहळू गर्दीच्या वेळेला. सुतळी बॉम्बबद्दल पण विचारलं मी, कारण गणपती जवळ आलेले. त्यावर म्हणाल्या की आवाज बंद करता येणार नाही पण मिरवणूक कधी, कुठून जाणार ते आधी सांगून ठेवा, अचानक आवाज आला की जास्त त्रास होतो. आम्ही मंडळाच्या पोरांशी बोललो, पोरांनी आमच्या विंगखाली फटाके लावलेच नाहीत.

झोपेचं पण सांगितलं. उंचावर विरळ हवेत झोप तशीही तुटकच लागते, त्यात ड्युटीच्या वेळा, त्यामुळे खाली आल्यावर काही आठवडे झोप बिघडलेली राहिली तर लगेच आजार समजू नका. पण महिन्याच्या वर वाईट स्वप्नं, दचकणं, तेच तेच प्रसंग डोळ्यासमोर येणं चालू राहिलं, दारू वाढली, माणूस सगळ्यांपासून तुटला, तर मात्र डॉक्टरकडे न्यायचंच.

शेवटी भाऊजींनी स्वतः फोन केला, गच्चीत जाऊन, काय बोलले ते आम्ही विचारलं नाही. खाली आले आणि जावेला म्हणाले, "डबे कसे होते ते दाखव, लावून देतो." ती म्हणाली राहू देत, आता मला पण सापडतात.

एक लक्षात घ्या, फोन हा शेवटी फोनच आहे, समोर बसून होणारी ट्रीटमेंट वेगळी. मुंबईत सर्व्हिसमधल्यांसाठी कुलाब्याला नेव्हीचं अश्विनी हॉस्पिटल आहे, रिटायर झालेल्यांना ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना आहे, आणि परळला केईएमचा मानसोपचार विभाग तर कोणालाही. माणूस मरायच्या गोष्टी करत असेल तर फोनवर वेळ घालवू नका, एकटं सोडू नका, थेट जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या.

फोन करताना घरात शांत कोपरा बघा, हातात वही ठेवा. १४४१६ लागला नाही तर १८०० ८९१ ४४१६ हा पण त्यांचाच टोल फ्री नंबर आहे. फौजीची बायको, आई, वहिनी, कोणीही करू शकतं, त्याने तयार व्हायची वाट बघत बसू नका.