जुन्या ट्रेलरच्या फर्नेसला हनीवेलचा साधा थर्मोस्टॅट लावला, एक सीझन वापरून लिहितोय

आमचा 24 फुटी ट्रॅव्हल ट्रेलर आहे, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, 2006 चा, सेकंड हँड घेतलेला. डेन्व्हरला राहतो त्यामुळे मे ते ऑक्टोबर जमेल तेव्हा कुठेतरी घेऊन जातोच. मागच्याच्या मागच्या ऑक्टोबरमध्ये आईबाबा सांगलीहून आलेले, त्यांना घेऊन युटाहमध्ये ब्राइस कॅन्यनला गेलो. तिथलं नॉर्थ कॅम्पग्राउंड साधारण 8000 फुटांवर आहे आणि लाइटचं कनेक्शन मिळत नाही, म्हणजे रात्रभर सगळं ट्रेलरच्या बॅटरीवर आणि प्रोपेनवर. बाहेर शून्याच्या खाली गेलेलं आणि आमची फर्नेस, म्हणजे प्रोपेनवर चालणारा हीटर, मधेच चालू व्हायची, मधेच तासभर गप्प. पहाटे चारला बघतो तर आई उठून बसलेली, अंगावर दोन ब्लँकेटं, वर माझं जॅकेट, आणि मलाच म्हणते काही नाही रे, झोप तू. फार वाईट वाटलं मला.

परत आल्यावर एका सर्व्हिस सेंटरला फोन केला तर पाच आठवड्यांनी नंबर. दुसरा एकजण घरी येऊन दुरुस्ती करणारा, त्याने फर्नेस न बघताच फोनवर सांगितलं की सर्किट बोर्ड बदलायला लागेल, साडेचारशे डॉलर. हे मला पटलं नाही. म्हणलं आधी आपण बघू.

फर्नेस कधी चालू, कधी बंद ते ठरवणारा आमचा जुना थर्मोस्टॅट म्हणजे भिंतीवरची ती पिवळट डबी, खाली सरकवायची दांडी. आत बायमेटलची पट्टी असते, दोन धातू चिकटवलेले, थंडी वाढली की ती वाकते आणि कॉन्टॅक्ट जुळतो, बस. बॅटरीबिटरी काही लागत नाही, पण वीस वर्षांत कॉन्टॅक्ट काळे पडलेले. खात्री करायला डबी काढली आणि मागच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या. लगेच ब्लोअर सुरू, थोड्या वेळाने टिक टिक टिक स्पार्क, आणि बर्नर पेटला. तीनचार वेळा करून बघितलं, दरवेळी पेटला, म्हणजे बोर्ड चांगला होता आणि दोष फक्त डबीत. तुमच्याकडे ब्लोअर फिरतोय पण आग पेटत नाही असं असेल तर मात्र थर्मोस्टॅट बदलून उपयोग नाही, तो त्याचं काम करतोय. बॅटरी उतरली की ब्लोअर हळू फिरतो, हवेचा जोर कमी पडला की आतला सेल स्विच (sail, म्हणजे हवेच्या जोराने लागणारा) लागत नाही आणि गॅस सुटतच नाही, म्हणून आधी बॅटरीचे व्होल्ट बघा, सिलिंडर बघा.

मग हा हनीवेलचा घेतला, घरात लावतात तो, फक्त हीटिंगवाला, प्रोग्रॅमिंग नसलेला, आत दोन ट्रिपल ए बॅटरी. चाळीस डॉलरच्या आत मिळाला. आता एक गोष्ट नीट वाचा. इथे घरातल्या हीटिंगचे बहुतेक थर्मोस्टॅट 24 व्होल्ट एसीचे असतात आणि ट्रेलरमध्ये 12 व्होल्ट डीसी. खोक्यावर 12 व्होल्टचा उल्लेख नाहीये, तरी चालतो, कारण हा स्वतःच्या बॅटरीवर चालतो आणि फर्नेसच्या दोन वायरी फक्त जोडतो आणि तोडतो. माझ्या फर्नेसच्या त्या वायरीतून किती करंट जातो ते मीटर लावून बघितलं, एक अँपिअरच्या खाली होता, मग निर्धास्त झालो. मोबाइलवरून चालणारे स्मार्टवाले घेऊ नका, त्यातल्या बहुतेकांना स्वतःसाठीच 24 व्होल्ट एसी लागतात. आणि ज्यांचा एअर कंडिशनर आणि फर्नेस एकाच थर्मोस्टॅटवर आहेत, मागून पाचसहा वायरी येतात किंवा टेलिफोनसारखी केबल येते, त्यांच्यासाठी हा नाहीच. त्यांनी आपापल्या एअर कंडिशनरच्या कंपनीला चालणाराच घ्यावा, नाहीतर बोर्ड जळू शकतो.

लावायला मला पाऊण तास लागला. आधी बाहेरून येणाऱ्या लाइटची वायर काढली, बॅटरीचा स्विच बंद केला आणि फर्नेसचा फ्यूजपण काढून ठेवला, कारण 12 व्होल्टने शॉक बसत नसला तरी वायर चुकून टेकली तर फ्यूज जातो. माझ्या दोन्ही वायरी निळ्याच होत्या, एक R लिहिलेल्या स्क्रूला लावली, एक W लिहिलेल्या, स्विचच आहे त्यामुळे उलटसुलट झाली तरी चालतं. खरा वेळ भिंतीत गेला. ट्रेलरची भिंत म्हणजे पातळ प्लाय, मागे पोकळ, स्क्रू पिळला की नुसता फिरत राहतो, म्हणून प्लॅस्टिकचे अँकर टाकले. आणि वायरी जिथून येतात ते भोक पुट्टीने बुजवा, हे मी आधी केलं नव्हतं, तर भिंतीच्या पोकळीतली गार हवा थेट थर्मोस्टॅटच्या पाठीवर यायची आणि तो खोलीपेक्षा पाच डिग्री फॅरनहाइट कमी दाखवायचा, मग आम्ही घामाघूम. भोक बुजवल्यावर आकडा बरोबर यायला लागला.

फरक किती पडला? आधी दांडी 65 फॅरनहाइटवर ठेवली तर 58 पर्यंत उतरायचं आणि मग 74 पर्यंत तापायचं. आता ठेवलेल्या आकड्याच्या एकदीड डिग्री इकडेतिकडे. सेटिंगमध्ये तासाला किती वेळा पेटवायचं तो आकडा असतो, गॅस फर्नेसला 5 ठेवतात, पण आमच्या छोट्याशा जागेत ब्लोअर सारखा चालूबंद व्हायचा आणि तो अगदी आईच्या बेडखाली, म्हणून 3 केला, झोप छान लागते आता. अजून एक, डिस्प्ले सेल्सिअसमध्ये करता येतो. आईला 68 म्हणजे काय कळायचं नाही, आता 20 बघून ती स्वतःच कमीजास्त करते, मला उठवत नाही.

बॅटरीचं मात्र लक्षात ठेवायलाच हवं. त्या दोन बॅटरी संपल्या की फर्नेस पेटणार नाही, आणि कडाक्याच्या थंडीत हे झालं तर पाण्याच्या पाइपा गोठून फुटतील. मी लिथियमवाल्या टाकल्यात, थंडीत त्या साध्या अल्कलाइनपेक्षा चांगल्या टिकतात, दर सप्टेंबरला नव्या टाकायच्या ठरवलंय आणि ट्रेलर हिवाळ्यात उभा करताना काढून ठेवतो. जुनी डबी फेकून दिलीये, पण जास्तीच्या दोन बॅटरी थर्मोस्टॅटशेजारीच भिंतीला टेपने चिकटवल्यात, अंधारात हाताला सापडतील अशा.

दोन वायरीवाला जुना ट्रेलर असेल तर डोळे झाकून घ्या. माझ्याकडून पाचपैकी पाच. या मे मध्ये आईबाबा परत येतायत, यलोस्टोनला न्यायचंय.