आठ महिने एफएफएमपेग: डीव्हीडीसाठी आणि वाहिनीसाठी

सांगलीत आमचा चित्रीकरणाचा लहानसा व्यवसाय आहे. संगीत नाटकांचे प्रयोग, स्नेहसंमेलने आणि लग्ने ही नेहमीची कामे. ज्येष्ठ मंडळी आजही डीव्हीडीच मागतात, आणि वर्षातून काही कार्यक्रम एका स्थानिक वाहिनीकडे जातात, जिला एमएक्सएफ ही प्रसारणासाठी वापरली जाणारी फाइल लागते. पूर्वी मी विकतचे सॉफ्टवेअर वापरत असे. संगणक बदलल्यावर त्याचा परवाना चालेना, म्हणून चित्रफितींचे एका स्वरूपातून दुसऱ्यात रूपांतर करणाऱ्या, मोफत मिळणाऱ्या एफएफएमपेगकडे वळलो. फाब्रिस बेलार यांनी 2000 साली सुरू केलेल्या या साधनाला खिडक्या, बटणे काहीच नाहीत. प्रत्येक गोष्ट आज्ञा टंकून सांगावी लागते. पहिले दोन आठवडे मी जुन्या सॉफ्टवेअरची आठवण काढत होतो, हे कबूल करतो.

डीव्हीडीसाठी यात ‘पाल-डीव्हीडी’ (पाल ही आपल्याकडची टीव्हीची चित्रपद्धत) असे एक तयार लक्ष्य, म्हणजे आधीच ठरलेला सूचनांचा संच, आहे. तेवढे सांगितले की 720 बाय 576 ची चौकट, सेकंदाला 25 फ्रेम, एमपेग-2 चित्र आणि 48 किलोहर्ट्‌झचा एसी-3 आवाज हे सारे आपोआप ठरते. अडचण एवढीच की चित्राचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारा डेटा, कार्यक्रम कितीही लांब असला तरी सेकंदाला 6 मेगाबिटच धरला जातो. तीन तासांचे नाटक त्यात बसत नाही. 4.7 जीबीच्या डिस्कवर 37.6 अब्ज बिट मावतात; त्यांना 10,800 सेकंदांनी भागले की जेमतेम 3.5 मेगाबिट हाती येतात, आणि त्यातून आवाजाचा वाटाही द्यायचा असतो. दोन फेऱ्यांत, म्हणजे आधी चित्र तपासून मग, एन्कोड केल्यास (आक्रसून साठवल्यास) संथ संवादांचे प्रवेश एवढ्यातही बरे दिसतात, परंतु दिव्यांची उघडझाप असलेल्या नृत्यात चौकोन उमटतात. मी आता मध्यंतराला नाटक तोडून दोन डिस्क देतो. प्रेक्षकालाही तिथे उठायची सवय असतेच.

खरा वेळ गेला तो फील्डच्या क्रमात. इंटरलेस्ड चित्रात प्रत्येक फ्रेम एकाआड एक रेषांच्या दोन अर्ध्या चित्रांची, म्हणजे फील्डची, बनते. आमच्या जुन्या मिनी-डीव्ही कॅसेटींत खालचे फील्ड आधी येते, तर 1080 रेषांच्या इंटरलेस्ड कॅमेऱ्यात वरचे. एका लग्नाच्या जुन्या कॅसेटवरून डिस्क करताना मी क्रमाची खूण चुकीची लावली. संगणकावर सर्व ठीक दिसले, आणि यजमानांच्या टीव्हीवर वरात पुढे-मागे हिसके देत चालू लागली. नंतर समजले की ‘सेटफील्ड’ हे फिल्टर केवळ खूण बदलते, तर ‘फील्डऑर्डर’ चित्रच एका रेषेने सरकवून क्रम खरोखर पालटते. तशीच दुसरी गफलत चौकट लहान करताना होते. इंटरलेस्ड चित्र सरळ आक्रसले तर दोन्ही फील्ड एकमेकांत मिसळतात. म्हणून मी आधी ‘बीडब्ल्यूडीआयएफ’ने 50 पूर्ण फ्रेम करतो, मग आकार बदलतो आणि शेवटी ‘टीइंटरलेस’ने पुन्हा फील्ड विणतो. याच टप्प्यावर रंगांचे गणितही 709 (एचडीचे मानक) वरून 601 (डीव्हीडीचे मानक) वर नेण्यास स्पष्ट सांगतो. ते राहून गेले तेव्हा केशरी फेट्यांची आणि चेहऱ्यांची छटा सरकली होती.

पाहुण्यांनी मोबाइलवर टिपलेल्या चित्रफिती मात्र कधीच पूर्ण समाधान देत नाहीत. त्यांतील फ्रेमचा दर मुळात स्थिर नसतो, आणि साधारण 30 वरून 25 वर येताना सेकंदाला पाच फ्रेम गळतात. आता मोबाइलवर चित्रण करणाऱ्या आमच्या मुलांना मी आधीच 25 किंवा 50 चा दर लावायला सांगतो.

वाहिनीची मागणी एक्सडीकॅम एचडी 422 या प्रसारणासाठीच्या स्वरूपाची असते: सेकंदाला 50 मेगाबिट, 24 बिटांचा पीसीएम (न आक्रसलेला) आवाज आणि उणे 23 एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे एकक) इतकी सरासरी पातळी. पहिली फाइल परत आली, कारण चित्र इंटरलेस्ड पद्धतीने एन्कोड करण्याचे दोन पर्याय (फ्लॅग) मी लावलेच नव्हते आणि फाइल प्रोग्रेसिव्ह (फील्डविना, पूर्ण फ्रेमची) म्हणून नोंदली गेली. दुसरीत आवाजाने घोटाळा केला. संगीत नाटकात गद्य हळू आणि पद खड्या आवाजात असते. आवाजाची पातळी जुळवणारे ‘लाउडनॉर्म’ फिल्टर एकाच फेरीत चालवले की ते हळू भाग उचलते, आणि संवादांच्या मधल्या शांततेत प्रेक्षागृहातील पंख्यांची घरघर ऐकू येते. पहिल्या फेरीत मोजमाप घेऊन ते आकडे दुसऱ्या फेरीत दिले, तर सबंध प्रयोगाची पातळी एकाच प्रमाणात वर किंवा खाली जाते आणि गायकाची फेक शाबूत राहते. मात्र शिखरे मर्यादेबाहेर जाणार असतील, तर ते गुपचूप पहिल्या पद्धतीवर परतते. म्हणून शेवटचा अहवाल वाचल्याशिवाय मी फाइल पाठवत नाही. शिवाय त्या पद्धतीत आवाज 192 किलोहर्ट्‌झवर जातो, तो 48 वर आणण्याची सूचना वेगळी द्यावी लागते.

मराठी अक्षरांबाबत एक इशारा. माझ्याकडील जुन्या आवृत्तीत चित्रावर अक्षरे लिहिणाऱ्या ‘ड्रॉटेक्स्ट’ने पात्रपरिचय टाकला, तेव्हा जोडाक्षरे सुटी झाली आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसली. तोच मजकूर उपशीर्षकांच्या फाइलीतून ‘लिबएएसएस’ या उपशीर्षके रेखाटणाऱ्या घटकामार्फत चित्रावर उतरवला आणि देवनागरी नीट आली.

डिस्कची रचना मी ‘डीव्हीडीऑथर’ या वेगळ्या साधनाने करतो. त्याला पाल की एनटीएससी (अमेरिकेतील टीव्हीची पद्धत) हे आधी सांगितले नाही तर ते काम नाकारते, जे मला योग्यच वाटते. मेनूचे काम मात्र कंटाळवाणे आहे, त्यामुळे आमच्या डिस्क घातल्या की थेट नांदी सुरू होते आणि अंकांवर जायला रिमोटवरचे पुढचे बटण दाबावे लागते. तयार लक्ष्यातील 9 मेगाबिटची कमाल मर्यादाही मी 8 वर आणली आहे, कारण शेजारच्या काकांचा जुना प्लेअर घरी लिहिलेल्या डिस्कवर त्याच्या वर अडखळतो. ग्राहकाला देण्याआधी प्रत्येक कार्यक्रम पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर उतरवून काकांकडे लावून पाहतो. काका नाटक संपेपर्यंत डिस्क परत देत नाहीत, तेवढा उशीर धरूनच आता तारीख सांगतो.