रिचमंड, बर्नहॅम की ॲशरिज : कुत्र्याला घेऊन कुठे जावं?

लंडनच्या पश्चिमेला, हाउन्स्लो, स्लाव, हॅरो या पट्ट्यात मराठी घरं बरीच आहेत आणि त्यातल्या काही घरांत आता कुत्राही आला आहे. रोजची फेरी घराजवळच्या मैदानात होते, पण सुट्टीच्या दिवशी त्याला खरं रान दाखवावंसं वाटतं. मग तीन नावं पुढे येतात : रिचमंड पार्क, बर्नहॅम बीचेस आणि ॲशरिज. तिन्ही ठिकाणी शेकडो वर्षांची झाडं आहेत आणि तिन्ही ठिकाणी कुत्र्यांना प्रवेश आहे. तरी त्यातलं कोणतंही एक सगळ्यांसाठी सारखंच चांगलं नाही. निवड फोटो बघून करू नका. हरीण दिसल्यावर तुम्ही हाक मारलीत, तर तुमचा कुत्रा मागे वळतो का? याचं प्रामाणिक उत्तर आधी स्वतःला द्या. जागा बरीचशी त्यावरूनच ठरते.

रिचमंड तिघांत सगळ्यात जवळचं आणि सगळ्यात मोकळं. १६२५ साली लंडनमध्ये प्लेग पसरला तेव्हा इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स दरबार घेऊन रिचमंडला आला आणि १६३७ साली त्याने शिकारीसाठी हा सगळा मुलूख भिंत घालून बंदिस्त केला. आजही सुमारे २,५०० एकरांच्या या रानाभोवती भिंत आहे आणि आत सहाशेहून अधिक हरणं मोकळी फिरतात. लोकांना इथे चालायचा हक्क आयता मिळाला नाही. जॉन ल्यूइस नावाच्या बिअर बनवणाऱ्या व्यापाऱ्याने दरवाजे बंद ठेवण्याविरुद्ध खटला लढवला आणि १७५८ साली तो जिंकला. आज आपण कुत्रा घेऊन ज्या फाटकातून सहज आत जातो, त्यामागे हा खटला आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण कुत्र्याच्या दृष्टीने बघा. झाडं विरळ, गवत विस्तीर्ण, नजर लांबवर पोचते. तुम्हाला हरणांचा कळप दुरून दिसतो, तसा कुत्र्यालाही दिसतो. २०११ साली फेन्टन नावाचा लॅब्राडोर इथे हरणांच्या कळपामागे धावला, मालक जिवाच्या आकांताने हाका मारत मागे पळत होता आणि तो व्हिडिओ जगभर पाहिला गेला. लोक हसले. पण वाहनांच्या रस्त्यावरून उधळलेला कळप ही हसण्याची गोष्ट नाही. त्यात हरीण, कुत्रा, गाडीतला माणूस, कुणाचाही जीव जाऊ शकतो. दोन मोसम इथे खास जपावे लागतात. मे ते जुलै पिल्लं जन्मतात. माद्या पाडसांना उंच गवतात, नेच्यात लपवून ठेवतात आणि कुत्रा जवळ आला तर सरळ अंगावर येतात, म्हणून या काळात कुत्रा लीशवर, म्हणजे पट्ट्याला दोरी लावूनच ठेवायचा. त्यानंतर सप्टेंबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत नर माजावर असतात. इथले लाल हरणांचे नर आपल्या सांबरासारखे धिप्पाड असतात, तेव्हा एरवीही किमान ५० मीटर अंतर ठेवायचं आणि माजाच्या दिवसांत त्याहून जास्त. मोकळ्या गवतात चंडोल जमिनीवर घरटी करतात, तिथेही फलक बघून लीश लावावी लागते. थोडक्यात, वर्षाचा बराच काळ रिचमंडमधलं मोकळेपण तुमच्यासाठी असतं, कुत्र्यासाठी नाही.

मग जावं कुणी? ज्यांचा कुत्रा लीशवर शांत चालतो आणि ज्यांना गाडी काढायची नाही त्यांनी. रिचमंड स्टेशनवरून बस मिळते. भिंतीच्या कडेकडेने जाणारी टॅम्झिन ट्रेल ही वाट सुमारे साडेअकरा किलोमीटरची आहे. पूर्ण करायलाच हवी असं नाही. किंग हेन्रीज माउंड या टेकाडावरून झाडांमधल्या फटीतून १६ किलोमीटर लांबचं सेंट पॉल्स कॅथीड्रल दिसतं आणि ते दिसत राहावं म्हणून मधल्या बांधकामांवर बंधन आहे. पाहुणे आले असतील तर इथेच न्या.

बर्नहॅम बीचेस माझ्या मनाच्या सगळ्यात जवळचं, तेव्हा त्यावर जरा जास्त लिहिते. स्लावच्या उत्तरेला, फार्नहॅम कॉमन गावाला लागून हे सुमारे ५४० एकरांचं जंगल आहे. राजाचं नव्हे, गावकऱ्यांच्या वापरातलं. इथे गुरं चरायची आणि सरपणही इथूनच निघायचं. दोन्ही एकाच जमिनीवर चालावं म्हणून लोक बीच आणि ओकची झाडं बुंध्याशी न तोडता माणसाच्या डोक्याहून वर छाटत. नवे फुटवे गुरांच्या तोंडाला लागत नसत आणि काही वर्षांनी पुन्हा लाकूड मिळे. या छाटणीमुळेच झाडांचं आयुष्य वाढलं. आज तिथे बुटके, रुंद, पोकळ पोटाचे, गाठीगाठींचे बीच उभे आहेत, त्यातले कित्येक चारशे वर्षांच्या पुढचे. ड्रूइड्स ओक हा वृक्ष तर आठशे वर्षांचा मानतात. १८७९ साली ही जमीन विक्रीला निघाली तेव्हा इथे श्रीमंतांचे बंगले उठणार अशी वेळ आली होती. १८८० साली लंडन शहराच्या कॉर्पोरेशनने ती लोकांसाठी विकत घेतली आणि आजही तीच संस्था जंगल सांभाळते. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्करी वाहनांचा मोठा तळ होता. गाड्यांचा तो राबता सोसूनही झाडं टिकली.

आता नियम. २०१४च्या डिसेंबरपासून इथे कुत्र्यांसाठी कायदेशीर बंधनं आहेत आणि ती मोडली तर दंड होतो. जंगलाचे सरळ दोन भाग केले आहेत. एका भागात लीश कायम लागते. उरलेल्या भागात कुत्रा मोकळा सोडता येतो, पण रेंजरने सांगितलं की लगेच लीश लावायची. एका माणसाबरोबर जास्तीत जास्त चार कुत्रे. कॅफेच्या अगदी जवळच्या जागेत कुत्र्याला मज्जाव आहे, म्हणून दोघं असाल तर एकाने चहा आणायचा आणि दुसऱ्याने कुत्रा धरायचा. काही लोकांना हे जाचक वाटतं. मला उलट यातच सोय दिसते. नकाशावर रेघ आखलेली असल्यामुळे कुठे सोडायचं, कुठे नाही, यावर कुणाशी वाद घालावा लागत नाही. ज्यांना कुत्र्याची भीती वाटते, किंवा ज्यांच्याबरोबर लहान मूल आहे, त्यांनाही निर्धास्त चालायला जागा उरते. आपल्याकडून भेटीला आलेल्या आईबाबांना अंगावर झेपावणाऱ्या अनोळखी कुत्र्याचा किती धसका बसतो, हे इथल्या मराठी घरांना सांगायला नको.

इथे आणखी एक भानगड असते, ती म्हणजे गुरं. जुनी चराई पुन्हा सुरू केल्यामुळे गाई आणि पोनी जंगलात फिरतात. गाईंच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे असतात, तेच त्यांचं कुंपण, म्हणून ते डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे वळणावर अचानक गाय समोर उभी राहू शकते. कुत्रा जवळ घ्या आणि लांबून वळसा घाला. गाई पाठीमागे लागल्याच, तर लीश सोडून द्या. त्यांचा राग कुत्र्यावर असतो, तो पळून सुटतो आणि तुम्हीही वाचता. हा सल्ला इंग्लंडमध्ये सगळीकडे दिला जातो, पण त्या क्षणी आठवत नाही, म्हणून घरातच एकमेकांना सांगून ठेवा.

ज्याचा कुत्रा हाकेला साधारण येतो, पण शंभर टक्के भरवसा नाही, त्याच्यासाठी बर्नहॅम योग्य. दाट झाडीमुळे कुत्र्याची नजर फार लांब जात नाही आणि मोकळा सोडायची जागाही पुरेशी आहे. जंगलातून जाणाऱ्या काही वाटा डांबरी आहेत, तेव्हा गुडघे दुखणारी माणसं आणि बाबागाडीही चालते. अडचण एकच : गाडी हवी. एलिझाबेथ लाइन या रेल्वेमार्गावर बर्नहॅम नावाचं स्टेशन आहे, पण नाव एक असलं तरी तिथून जंगल कुत्र्यासह चालत जाण्याइतकं जवळ नाही.

ॲशरिज या दोघांपेक्षा खूप मोठं. चिल्टर्न टेकड्यांवर, हर्टफर्डशायर आणि बकिंगहॅमशायरच्या सीमेवर नॅशनल ट्रस्ट या वारसा आणि निसर्ग जपणाऱ्या संस्थेची सुमारे ५,००० एकर जमीन आहे. मध्ययुगात इथे मठ होता. आठव्या हेन्रीने मठ मोडले तेव्हा तो राजघराण्याकडे आला आणि १५५४ साली राजकन्या एलिझाबेथला इथूनच बंडाच्या संशयावरून लंडनला नेलं. पुढे जागा ब्रिजवॉटर घराण्याकडे होती. तिसऱ्या ड्यूकने आपल्या खाणींतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी कालवा खोदला आणि इंग्लंडमध्ये कालव्यांचं युग सुरू झालं. त्याच्या स्मरणार्थ १८३२ साली उभारलेला दगडी स्तंभ हीच आज बहुतेकांची सुरुवातीची खूण. कारने आलात तर स्तंभापाशी लावा आणि सपाट पठारावरून चाला.

पण ॲशरिजचा खरा आनंद रेल्वेने गेल्यावर आहे. लंडनच्या यूस्टन स्टेशनहून निघून ट्रिंगला उतरायचं, शेतांच्या कडेने ऑल्डबरी गावात यायचं आणि मग जंगलातल्या चढाने स्तंभापर्यंत जायचं. ऑल्डबरीत तळं आहे आणि त्याच्या काठावर पूर्वी गुन्हेगारांचे पाय अडकवायचा लाकडी खोडा अजून जपून ठेवला आहे. इंग्लंडमध्ये रेल्वेत एका प्रवाशाला दोन कुत्रे फुकट नेता येतात, त्यामुळे गाडी नसलेल्यांना तिघांत अस्सल खेड्यापाड्यातली चाल हीच मिळते. चढ मात्र दम काढणारा आहे. म्हातारा किंवा वजनदार कुत्रा असेल तर सावकाश चढा.

हरणं इथेही आहेत, पण भिंतीत नाहीत. फॅलो जातीची रानटी हरणं झाडीत वावरतात, आणि त्यांच्या जोडीला मंटजॅक. सह्याद्रीत ज्याला आपण भेकर म्हणतो त्याचाच हा चिनी भाऊबंद. गेल्या शतकात बंदिस्त बागांमधून सुटून दक्षिण इंग्लंडभर पसरला. भेकरासारखाच भुंकतो, आणि तो आवाज ऐकून कुत्रे कान टवकारतात. मंटजॅक एकटादुकटा, लहान, झुडपातून एकदम निघणारा. कळपामागे न धावणारा कुत्रासुद्धा त्याच्यामागे सुटू शकतो. इतक्या मोठ्या जंगलात सुटलेला कुत्रा शोधणं कठीण, शिवाय मधून रस्ते गेले आहेत. म्हणून ज्याचा कुत्रा वासामागे वेडा होतो, बीगल किंवा स्पॅनियलसारखा, त्याने ॲशरिजला दहा मीटरची लांब दोरी आणि हार्नेस (छातीला बांधायचा पट्टा) नेल्याशिवाय जाऊ नये. गुंडाळी होणारी लीश इथे कामाची नाही. ती झुडपात अडकते. उत्तरेला आयव्हिंगहो बीकनच्या चुनखडीच्या टेकड्यांवर मेंढ्या चरतात. तिथे मेंढ्यांना त्रास देणाऱ्या कुत्र्याला प्रसंगी गोळी घालण्याचं संरक्षण कायदा शेतकऱ्याला देतो. लीश लावा, याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत ॲशरिजच्या डॉकी वुडमध्ये ब्लूबेल फुलतात आणि जमीन निळी होते. त्या महिन्यात कुत्र्याला मोकळं सोडू नये असं मी कळकळीने सांगते. पानं तुडवली गेली की कंदाला अन्न मिळत नाही आणि तो पट्टा सावरायला कित्येक वर्षं लागतात. शिवाय कंद कुत्र्याच्या पोटात गेला तर विषारी. फुलं बघायला गर्दी होते, त्यामुळे कुत्राही बिथरतो. त्या दिवसांत कुत्र्याला पठाराच्या दुसऱ्या बाजूला न्या आणि फुलं बघायला वेगळे जा.

तिन्ही ठिकाणी सारख्या लागणाऱ्या गोष्टी थोडक्यात. गळ्यातल्या पट्ट्यावर मालकाचं नाव-पत्ता आणि अंगात मायक्रोचिप, दोन्ही कायद्याने हवंच. विष्ठा उचलून पिशवी कचरापेटीत टाका. झाडाला लटकवून ठेवू नका. जुन्या रानाची माती मुळात कमी कसाची असते, बुरश्या आणि रोपं त्या गरिबीवरच जगतात आणि कुत्र्यांच्या मलमूत्रातलं नायट्रोजन-फॉस्फरस त्यांना मारक ठरतं. मानेवर थेंब टाकून लावायचं पिसवांचं औषध नुकतंच लावलं असेल तर कुत्र्याला तळ्यात उतरवू नका, ते पाण्यातल्या किड्यांना मारतं. उन्हाळ्यात घरी आल्यावर कान, बगला, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. हिवाळ्यात चिखलातून आल्यावर पाय-पोट धुऊन कोरडं करा, आणि पायावर कारण नसताना जखम दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे जा. अलाबामा रॉट हा मूत्रपिंडं निकामी करणारा आजार दुर्मीळ असला तरी घातक आहे आणि इंग्लंडमध्ये तो बहुतेक नोव्हेंबर ते मे या दिवसांत आढळतो.

माझ्या हिशेबाने पिल्लू असेल आणि पहिल्यांदाच जंगल दाखवायचं असेल तर बर्नहॅमचा लीशवाला भाग. शिकलेला, वयाने स्थिर कुत्रा आणि अख्खा दिवस हाताशी असेल तर ॲशरिज, तेही ऑक्टोबरच्या शेवटी, जेव्हा बीचची पानं तांबूस होतात. फक्त तेव्हा फॅलो नरही माजावर असतात, तेव्हा घोगरा आवाज येईल त्या बाजूला वळू नका. संध्याकाळी दोनच तास मोकळे असतील तर रिचमंड, आणि कार नेत असाल तर गाड्यांचं फाटक बंद व्हायची वेळ आधी बघून ठेवा, कारण ती ऋतूप्रमाणे बदलते.